धुऱ्यावरची तार

बी.एड.ला असताना आम्ही पाठ टाचणे लिहिली, त्यात एक रकाना उद्दिष्टांचा असे. 'विद्यार्थ्यांमध्ये वन्यजीवांविषयी जाणीव निर्माण करणे' हे वाक्य त्या रकान्यात किती वेळा लिहिले असेल, हिशेब नाही. गुणही चांगले मिळाले.

ऑक्टोबर २०१७. वन्यजीव सप्ताह चालू होता आणि आम्ही नोकरीला नुकतेच लागलेलो. शाळा उर्दू माध्यमाची. मुले मजुरांची, मेकॅनिकांची, थोड्याफार शेतीवाल्यांची. फळ्यावर उर्दूत 'शेर' असे लिहिले आणि जयची गोष्ट सांगायला घेतली. आमच्या पवनी तालुक्यात जय कोणाला ठाऊक नाही? नागझिऱ्यात जन्मलेला हा वाघ २०१३ मध्ये रस्ते, नद्या ओलांडत उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात आला. अभयारण्य जाहीर होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. 'शोले'तल्या जोडीवरून त्याला आणि त्याच्या भावाला जय-वीरू म्हणत. आमच्या कोंढ्यातही चहाच्या टपरीवर त्याच्याच गप्पा. एप्रिल २०१६ मध्ये त्याच्या गळ्यातल्या कॉलरचा संदेश थांबला. तो गेला कुठे, आजवर कळलेले नाही. वर्षभराने त्याचा बछडा श्रीनिवास नागभीडकडे मेला. त्याचे कारण मात्र कळले: शेताभोवती लावलेली विजेची तार.

कोंढ्याहूनच येणारा एक मुलगा उभा राहिला. "सर, तुमच्या चाचांच्या धुऱ्यावर पण तशीच तार आहे. अब्बू आम्हाला रात्री तिकडून जाऊ देत नाहीत."

वर्ग हसला. आम्हीही हसलो, कसेबसे. तार आम्हाला माहीत होती. खोटे कशाला बोला, आकडा टाकायचा बांबूसुद्धा आम्हीच आणून दिला होता.

संध्याकाळी चाचांकडे गेलो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, वीजचोरीचा गुन्हा वेगळा, सगळे सांगून पाहिले. चाचा बिडी ओढत ऐकत राहिले.

"वाघ वाचवा मास्तर, आमचं काही म्हणणं नाही. पण डुकरं तुझ्या पगारातून खातात का माझ्या बांधीतून?"

यावर उत्तर नव्हते. लोंब्या भरू लागल्या की रानडुकरांचा कळप एका रात्रीत बांधी लोळवून टाकतो. खातो थोडे, तुडवतो फार. नुकसानभरपाई मिळते, पण पंचनामा, कागद, फेऱ्या. दोन एकरवाल्याने रोजी बुडवून किती फेऱ्या माराव्यात? शहरातल्या व्याघ्रप्रेमींना हा भाग कोणी सांगत नाही.

मग आम्ही त्या मुलाचे बोलणे सांगितले. चाचांनी बिडी विझवली. त्याचा बाप पहाटे त्याच वाटेने बैल काढतो, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होते. त्या रात्री आकडा पडला नाही. आणि त्याच आठवड्यात डुकरांनी अर्धी बांधी झोपवली. चाची चार दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. आम्ही शाळा सुटली की जाऊन चाचांबरोबर मचाणावर डबा वाजवत बसू लागलो. डोळे तारवटलेले घेऊन सकाळी वर्गावर.

जंगलालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी अनुदान देणारी जन-वन विकास योजना राज्यात २०१५ पासून आहे. पण तिच्यात नाव लागायची वाट न पाहता पुढच्या वर्षी धुऱ्याला धुरा लागून असलेल्या चौघांनी वर्गणी केली, त्यात त्या मुलाचे अब्बूही होते. या कुंपणात वीज सतत नसते. सेकंद-सव्वा सेकंदाला एक क्षणभर झटका येतो. जनावर दचकून मागे सरते, मरत नाही. आकड्याच्या तारेत प्रवाह थांबतच नाही, स्नायू आखडतात, पकडलेले सुटत नाही. विज्ञानाच्या तासाला हे आम्ही आता तारेचा तुकडा हातात घेऊन शिकवतो.

कुंपण लागले म्हणून डुकरे थांबली असे नाही. खालच्या तारेखालून उकरून शिरतातच एखादवेळी. पावसाळ्यात गवत वाढून तारेला टेकले की झटका जमिनीत उतरतो, मग यंत्र नुसते टिकटिक करते. गवत सतत कापावे लागते. चाचांनी या रविवारी विळा घेऊन बोलावले आहे.