छत्तीस पन्हा, सव्वादोन मीटर

आमच्या पिढीनं कोष्टकं दोनदा पाठ केली. आधी बारा इंचांचा फूट, तीन फुटांचा वार, दोनशेवीस वारांचा फर्लांग, आठ फर्लांगांचा मैल. ती तोंडात बसतात न बसतात तोच मिलि-सेंटि-डेसि-मीटर-डेका-हेक्टो-किलो. १९५६ साली मापांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला कापडाच्या दुकानात वाराचा गज जाऊन मीटरचा आला. डेका आणि हेक्टो मात्र परीक्षेबाहेर कुणाला भेटल्याचं ऐकिवात नाही. पावकी-निमकी-पाऊणकी आयुष्यभर घोकून घेतलेले मास्तर म्हणायचे, "आता काय, नुसतं टिंब सरकवायचं!" त्यात कौतुक कमी आणि कुरकुर जास्त.

घरात खरी पंचाईत झाली ती कापडाची. वार ९१.४४ सेंटिमीटरचा, मीटर त्याहून सव्वातीन इंचांवर लांब. म्हणजे वाराला रुपया असलेलं कापड मीटरला एक रुपया नऊ पैशांना पडायला हवं. दुकानदार वरचे दहा-बारा पैसे लावतो, असा घरोघरच्या बायकांना संशय, आणि हा हिशेब त्या दुकानात उभ्या उभ्या तोंडी करत. परकर, झबली, उशांचे अभ्रे, सगळ्यांची मापं वारात पाठ. मग अंदाजानं मीटर सांगायचे आणि उरलेल्या पट्ट्या जोडून पिशवी शिवायची. त्या काळातल्या पिशव्या बघा, दोन-तीन रंगांच्या असायच्या.

गंमत अशी, की कापडाची लांबी मीटरमध्ये गेली तरी रुंदी इंचातच राहिली. "छत्तीस पन्हा आहे, शर्टाला सव्वादोन मीटर लागेल," दुकानदार सांगायचा. छत्तीस पन्हा म्हणजे बरोबर एक वार, हे ना त्याच्या मनात यायचं ना आमच्या. तेच कापड शिंप्याकडे गेलं की पुन्हा इंच: छाती अडतीस, बाही साडेनऊ. त्याच्या गळ्यातल्या टेपला एकीकडे साठ इंच, दुसरीकडे दीडशे सेंटिमीटर. इंचांचे आकडे बोटांनी पुसट झालेले, सेंटिमीटरची बाजू कोरी करकरीत. नऊवारी तर नऊवारीच राहिली. सव्वाआठ मीटरला जराशी कमी भरते, पण तसं मागणार कोण?

आजीला दोन्ही कोष्टकांशी देणंघेणं नव्हतं. तिची वीत, तिची चार बोटं. गावाकडची विहीर सात परस खोल, एवढं तिला पुरे.

कायद्याला जमलं ते रस्त्यावर. मैलांचे दगड गेले, किलोमीटरचे आले. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर, एवढ्या एका गणितावर म्हाताऱ्यांनी निभावून नेलं. घरात मात्र मुलीची उंची पत्रिकेबरोबरच्या कागदावर पाच फूट दोन इंचच. सुताराची फळी अजून 'दोन सूत' तासली जाते, आणि इंचाचे आठ सूत हे आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. प्लायवूड सांगताना तोच सुतार म्हणतो, "आठ बाय चार, अठरा एमएम." लांबी-रुंदी फुटात, जाडी मिलिमीटरमध्ये, एका दमात. आणि शाळेत फक्त मीटर शिकलेला नातू काही न विचारता दुकानात जाऊन नेमकी तीच शीट घेऊन येतो.