दार एक, चुली तीन

सरकार घर मोजतं तेव्हा नेमकं काय मोजतं? जनगणनेच्या कागदात घर म्हणजे ज्याला स्वतंत्र मुख्य दार आहे ते. आणि कुटुंब म्हणजे एका चुलीवरचं खाणारी माणसं. घर दारावरून, कुटुंब चुलीवरून.

आमच्याकडं दार एक आणि चुली तीन. आम्ही तिघं भाऊ. आज्यानं बांधलेल्या मातीच्या भिंती, वर पत्रा, मधी मायच्या जुन्या लुगड्यांचे पडदे. एका पडद्याआड थोरल्याची लेक बाळंत झाली, दुसऱ्याआड माझं पोरगं दहावीचं वाचत होतं.

१९८५ साली इंदिरा आवास योजना निघाली. दलित, आदिवासी आणि सुटलेल्या वेठबिगारांसाठी. २०१६ साली तिची प्रधानमंत्री आवास योजना झाली. घराचं किमान माप २० चौरस मीटरवरून २५ झालं, म्हणजे २६९ चौरस फूट, चुलीच्या जागेसकट. सपाट मुलखात १ लाख २० हजार रुपये. उद्दिष्ट मार्च २०२४ पर्यंत २ कोटी ९५ लाख घरं. मग २०२९ पर्यंत आणखी २ कोटी. आकडा मोठा आहे, नाही कोण म्हणतो?

तिघांनी अर्ज केले. टेबलामागचा साहेब म्हणाला, "उतारा एक, नाव एक, घरकुल एक."

"साहेब, चुली तीन हायेत."

"चुलीला उतारा असतो का?"

माय मागं उभी होती. म्हणाली, "मतं मागाया येता तवा बरूबर तीन चुली दिसत्यात की रं तुमास्नी!"

वेगळं घरकुल पाहिजे तर वेगळी जागा पाहिजे. जागा विकत घ्यायला मदत देणारी योजनाही राज्यात आहे. पैसे सरकार देईल, पण आम्हाला जागा विकतो कोण? वस्तीच्या तिन्ही अंगाला दुसऱ्यांची शेतं, मागं ओढा. एकाला विचारलं. तो म्हणाला, "तुला दिली तर गाव मला काय म्हणंल?"

आता थोरल्याचं घरकुल मंजूर झालंय. बांधायचं तर जुनं पाडावं लागणार, कारण दुसरी जागाच नाही. जुनं पाडलं की धाकट्याची चूल आणि माझी चूल उघड्यावर. थोरला रात्र रात्र बसून राहतो. म्हणतो, "तुमच्या डोक्यावरचा पत्रा काढून मी स्लॅब टाकू व्हय?"

त्यानं पाडलं तर सरकारच्या उद्दिष्टात एक घर वाढेल. उघड्यावर आलेल्या दोन चुली लिहायला त्या तक्त्यात रकाना नाही. आधी तो रकाना काढा. घर चुलीवरून मोजा.