तीन मिनिटांचं युद्ध, सत्तेचाळीस तासांची जमवाजमव

क्लॅश ऑफ क्लॅन्स हा खेळ हेलसिंकीच्या सुपरसेल कंपनीने २०१२ साली आयफोनवर आणला. वर्षभराने तो अँड्रॉइडवर आला. एप्रिल २०१४ मध्ये त्यात क्लॅन वॉर, म्हणजे खेळाडूंच्या दोन गटांमधलं युद्ध, सुरू झालं. तोवर जो तो आपलं गाव बांधायचा आणि सवड मिळेल तेव्हा दुसऱ्याचं लुटायचा. कुणाची वाट पाहायला नको, कुणाला जाब द्यायला नको. वॉर आलं आणि खेळात घड्याळ शिरलं.

हिशेब पाहण्याजोगा आहे. एका अटॅकला जास्तीत जास्त तीन मिनिटं, प्रत्येकाला दोन अटॅक, आणि मोठ्यात मोठं वॉर पन्नास विरुद्ध पन्नास. एका बाजूचे सगळे अटॅक ओळीने लावले तरी पाच तासांत खेळ खलास. वॉर मात्र चालतं ४७ तास: २३ तयारीचे, २४ लढाईचे. तयारीच्या दिवशी एकमेकांच्या क्लॅन कॅसलमध्ये सैन्य भरायचं असतं, समोरच्यांचे बेस, म्हणजे त्यांची गावं, न्याहाळायची असतात, हे खरंच. पण बाकीचा वेळ जातो तो माणसं फोनपर्यंत पोचण्यात.

वॉर सुरू करण्याचा अधिकार लीडर आणि को-लीडरचा. नवखा लीडर सकाळी उठला की बटण दाबून मोकळा होतो. दहाला दाबलं, तर लढाई दुसऱ्या दिवशी नऊला सुरू आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला बंद. त्या वेळी अर्धा क्लॅन लोकलला लटकलेला. मुरलेला लीडर उलटीकडून मोजतो. शेवटचा तास महत्त्वाचा, कारण कोणता बेस अर्धवट राहिलाय आणि किती स्टार, म्हणजे अटॅकचे गुण, कमी पडतायत, हे तेव्हाच कळतं. म्हणून तो शुक्रवारी रात्री दहाला प्रतिस्पर्ध्याचा शोध सुरू करतो. जोडी लगेच जमली, तर शनिवारी रात्री नऊला लढाई, रविवारी रात्री नऊला निकाल. तयारी २३ तासांची असल्याचा फायदाही त्याला ठाऊक असतो: निकालानंतर तासभर कळ काढली, की पुढचं वॉरही दहालाच लावता येतं.

क्लॅनमधला एखादा न्यू जर्सीला गेला, की या कोष्टकाला पाय फुटतात. आपले रविवार रात्रीचे नऊ म्हणजे त्याचे उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेदहा. तिकडची घड्याळं मार्च आणि नोव्हेंबरमध्ये सरकतात, आपली जागची हलत नाहीत. तेवढ्यापायीही एखादा अटॅक वाया जातो.

वाया गेलेला अटॅक लपत नाही. कुणी दोन्ही मारले, कुणी एकच, कुणी हातच लावला नाही, हे सगळ्या क्लॅनला दिसतं. ‘या वॉरला मी नाही’ असं आधीच कळवायची सोय मात्र खेळात आहे: नावापुढची खूण हिरवीची लाल करायची. बारावीची परीक्षा, गणपतीत गावाला जाणं, घरातलं आजारपण, काही सांगावं लागत नाही. एवढा समजूतदारपणा आपल्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधी येईल कोण जाणे! तरीही हिरवी खूण ठेवून गायब होणारे निघतातच, आणि त्यांच्या मागे लागणं हे सोसायटीच्या सेक्रेटरीने मेंटेनन्स मागण्याइतकंच नाजूक काम असतं.

समजा, चाळीस मिनिटं उरली आहेत. स्टार बरोबरीत आहेत, म्हणजे निकाल नासधुशीच्या टक्केवारीवर जाणार. को-लीडर लिहितो, ‘भाऊ, तुमचा एक बाकी आहे. सात नंबर घ्या.’ उत्तर येतं, ‘जेवतोय, दहा मिनिटं.’ को-लीडर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आणि जेवणारा बँकेत अधिकारी, असंही असू शकतं. दोघांना एकमेकांचं वय ठाऊक नसतं, म्हणून ‘भाऊ’वर निभावतं. जेवण उरकून तो अटॅकला बसतो, सैन्य उतरवतो आणि नेट जातं. अटॅक खर्ची पडतो. रागवायचं कुणावर?

एखाद्या क्लॅनशी आधी ठरवून लढायचं, तर पूर्वी आणखी कसरत होती. खेळ प्रतिस्पर्धी स्वतःच निवडायचा, म्हणून दोन क्लॅनचे लीडर एकाच क्षणी शोधाचं बटण दाबत. ‘तीन, दोन, एक’ म्हणून दोघांनी दाबायचं आणि जोडी जुळेल या आशेवर राहायचं. भलताच क्लॅन गळ्यात पडला तर दोन दिवस त्याच्याशी लढत बसा. पुढे फ्रेंडली वॉरची सोय झाली. आता थेट आव्हान देता येतं आणि तयारीचा वेळही हवा तितका आखता येतो, अगदी काही मिनिटांचासुद्धा.

त्यामुळे घासाघीस वेळेवर येऊन ठेपते. समजा, रमजानात पुण्याचा क्लॅन जकार्ताच्या क्लॅनला आव्हान देतो. इथले साडेचार सुचवले, तर तिथे सहा वाजलेले, रोजा सोडायची वेळ. सहा म्हटलं, तर ते नमाजला गेलेले. रात्री दहाला पुणेकर हवे तेवढे मोकळे, पण जकार्तात साडेअकरा, आणि त्यांना पहाटे सेहरीला उठायचंय. शेवटी इथले साडेसात, तिथले नऊ ठरतात, आणि पुण्याच्या बाजूने दोघंजण लगेच कळवतात की त्या वेळी ते ट्रॅफिकमध्ये असतील.