उताराला पडसाद नसतो

तेलाच्या टाकीचा तळ कुणाला दिसत नाही. वर कित्येक मीटर तेल, खाली वाळूची बैठक आणि मधे पोलादी पत्रा. गंज पुष्कळदा खालून लागतो, ओलसर बैठकीच्या बाजूने. टाकी रिकामी करून, आतला वायू घालवून, धुऊन माणसं उतरवायची म्हणजे आठवडे मोडतात. म्हणून आम्ही बाहेरच बसतो. टाकीच्या भिंतीखालून तळपत्र्याची काही सेंटिमीटर कड बाहेर आलेली असते. ती वायर ब्रशने घासायची, प्रोब दाबून धरायचा, पत्र्यात लहर सोडायची आणि उकिडवं बसून पडद्याकडे पाहत राहायचं. २५ वर्षं मी हेच काम करतो आहे आणि अजूनही पहिला पडसाद उमटताना श्वास रोखला जातो.

जाडी मोजणारा नेहमीचा प्रोब फक्त स्वतःच्या खालचं सांगतो. आमची लहर पत्र्यातून आडवी धावते. वरचा आणि खालचा पृष्ठभाग तिला आत कोंडून ठेवतात, पाटाच्या काठांनी पाणी धरावं तसे. अशा लहरींचं गणित होरेस लॅम्ब यांनी १९१७ मध्ये मांडलं. त्यांच्या लहरी दोन घराण्यांच्या. एकीत पत्रा दोन्ही अंगांनी एकदमच फुगतो-आकसतो, दुसरीत झटकलेल्या चादरीसारखा वरखाली होतो. टाकीखाली मी बहुतेकदा तिसरीच जात वापरतो, कातरलहर. हिच्यात पोलादाचे कण वरखाली होत नाहीत, लहरीच्या वाटेला आडवे, डावी-उजवीकडे सरकतात. अशा सरकण्याला तेल फारसं अडत नाही, त्यामुळे वर भरलेली टाकी लहरीची ताकद पिऊन टाकत नाही. चादरीसारखी हलणारी लहर मात्र तेल बघता बघता शोषून घेतं. तेलावर मात करणाऱ्या या लहरीला पत्र्यात शिरवणं अवघड असतं. पातळ जेल तिला पुढे जाऊ देत नाही, घट्ट काहीतरी लागतं. प्रयोगशाळेत आम्ही चक्क मध वापरायचो.

लहर दोषावर आपटते तेव्हा काय होतं, हा खरा प्रश्न. ती नुसती परत येत नाही, विखुरते. काही भाग मागे, काही पुढे, काही बाजूंना. शिवाय ती जातही बदलते. फुगण्या-आकसण्याची लहर पत्र्याच्या एकाच अंगाला असलेल्या खाचेवर आदळली, की तिच्यातून चादरीची लहर जन्मते. तीच खाच दोन्ही अंगांना अगदी सारखी असेल तर जन्मत नाही. म्हणजे बदललेल्या जातीची लहर आली, एवढ्यावरूनही दोष एकतर्फी आहे हे कळतं. मला ही गोष्ट आजही सुंदर वाटते.

पण याच शास्त्राने मला एकदा दगा दिला, खरं तर मीच त्याला अर्धवट ओळखत होतो. उमेदवारीच्या दिवसांत आमच्या सरावाच्या पत्र्यात करवतीने पाडलेली खाच होती. तिचा पडसाद खणखणीत यायचा आणि यंत्र आम्ही त्यावरच जुळवायचो. एका टाकीच्या तळाचा मी ‘पडसाद नाही’ असा अहवाल दिला. पुढे टाकी उघडली, पत्रा उलटा केला. खालच्या अंगाला ताटाएवढा खोलगट गंज होता. कडा कुठेच नव्हती. बोट फिरवलं तर उतार कुठे सुरू होतो तेही कळेना.

लहर जाडीला दचकत नाही, जाडीतल्या अचानक बदलाला दचकते. मरीन ड्राइव्हच्या भिंतीवर लाट आदळून उलटते, गिरगाव चौपाटीच्या उतारावर तीच लाट गुपचूप चढून जाते. तुलना इथवरच खरी, कारण वाळूवर लाट फुटून संपते. पत्र्यातली लहर मात्र गंजाच्या खळग्यावरून पुढे निघून जाते, काही घडलंच नाही अशी.

धारदार कडाही कधी फसवतात. ६४ किलोहर्ट्झच्या कातरलहरीची लांबी पोलादात सुमारे ५ सेंटिमीटर. पत्र्याचा आडवा चर साडेबारा मिलिमीटर रुंद असेल, तर त्याच्या दोन्ही कडांचे पडसाद एकमेकांना जोर देतात. रुंदी २५ मिलिमीटर झाली की तेच दोन पडसाद एकमेकांना खातात आणि पडदा जवळजवळ कोरा राहतो. म्हणून एकाच वारंवारतेवर दिलेल्या अहवालावर मी सही करत नाही.

उतरत्या गंजाला उत्तर सापडलं ते कातरलहरीच्या दुसऱ्या प्रकारात. या लहरीला चालायला पत्र्याची किमान जाडी लागते. १८० किलोहर्ट्झवर ती १० मिलिमीटर पत्र्यात चालते, हळू पण चालते. जाडी ८.९ मिलिमीटरच्या खाली गेली की वाट बंद. उतार कितीही मऊ असू दे, तिला पुढे जाताच येत नाही. ती मागे फिरते किंवा जात बदलते.

आता माझ्या सरावाच्या पत्र्यावर करवतीच्या खाचेशेजारी ग्राइंडरने घासलेला एक खळगा आहे, वीतभर रुंद, मधोमध ३ मिलिमीटर खोल. नव्या मुलांना मी आधी खाच दाखवतो, मग खळगा. पडदा कोरा राहतो. मग वारंवारता वाढवून दुसरा प्रकार सोडायला सांगतो. परवा एका मुलीने पडद्यावरचं ते उशिरा आलेलं, पसरट टेकाड पाहिलं, उठली, पत्र्याखाली हात घातला आणि खळगा चाचपून आली.