अनुदान संपल्यावर काय उरते?

अनुदान हा शब्द तुम्हाला नवा नाही. माझी निम्मी नोकरी त्याच्याच फायली पुढे सरकवण्यात गेली. अजिंठ्याच्या कापूस-मक्याच्या शिवारात फिरताना एका रानात ठिबकच्या नळ्या अजून चालू दिसतात, तर शेजारच्या बांधावर त्याच वर्षीच्या नळ्या उन्हाने तडकून पडलेल्या असतात. पैसा दोघांनाही सारखाच मिळाला होता.

आरोग्याचेही असेच होते. गावात शिबिर येते, गोळ्या वाटतात, फोटो निघतात, गाडी जाते. शिबिराला मी नावे ठेवत नाही. मोतीबिंदू निघाला की म्हातारीला पुन्हा सुई ओवता येते. पण गाडी गेल्यानंतर रात्री पोराला जुलाब लागले तर काय?

1970 साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आले. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला हा दुष्काळी भाग. त्यांचेही काम बाहेरच्या मदतीवरच उभे राहिले. पण लोकांना औषधाआधी पाणी हवे होते, म्हणून 1972 च्या दुष्काळात त्यांनी कूपनलिका घेतल्या. गावोगाव शेतकरी मंडळे निघाली, पुढे महिला मंडळे. शिकलेल्या परिचारिका मात्र खेड्यात राहिनात. (आम्हा खात्याच्या माणसांनाही मुख्यालयी राहण्याचा आदेश असतो. पुढचे तुम्ही जाणताच!) तेव्हा गावातलीच बाई निवडायची असे ठरले. पुष्कळजणी निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. त्या जामखेडला जाऊन शिकत, एका पंगतीत जेवत, मुक्काम करत आणि परतल्यावर शेजारणीला सांगत की नाळ कशाने कापावी, जुलाबात काय पाजावे. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा छोटे सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. एवढ्यासाठी डॉक्टर लागत नाही. 1971 मध्ये त्या गावांत हजारी 176 मुले वर्षाच्या आत दगावत. तो आकडा पुढे कितीतरी खाली आला. 1979 साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज दोघेही नाहीत, पण काम चालू आहे.

2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून तुमच्या गावात आलेली आशाताई त्याच वाटेवरची. बाळंतपणानंतर 42 दिवसांत ती अनेकदा घरी येते, बाळाचे वजन घेते, ते नीट ओढते की नाही, अंग गार तर नाही, हे पाहते. बाळाची घरी अशी देखभाल करण्याची रीत गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने सिद्ध केली. आता गंमत पाहा, हे 42 दिवस म्हणजे जवळजवळ आपला सव्वा महिनाच! आणि त्याच सव्वा महिन्यात काही घरी तिला उंबऱ्यावरूनच परत लावतात. विटाळ, दृष्ट, कधी तर तिची जात. बियाण्याची पिशवी दहादा उलटून पाहणारे आपण, एवढा अंकुर मात्र अंधाऱ्या खोलीत देवाच्या भरवशावर ठेवतो. आजीबाई, तुमचा शब्द घरात चालतो. तिला आत घ्या, बाळ तिच्या हाती द्या.

आणखी एक काम आहे, ते पुरुषांसाठी. गावाच्या आरोग्य, पोषण व पाणीपुरवठा समितीसाठी या अभियानात दरवर्षी 10,000 रुपयांचा अबंधित निधी ठेवला गेला होता. तुमच्या गावाला आजवर किती आला आणि तो सतरंज्यांवर गेला की विहिरीच्या औषधावर, हे येत्या ग्रामसभेत विचारा. आशाताईला शेजारी बसवून विचारा. कुठल्या घरी काय नडले, ते तिला तोंडपाठ असते.