नवा बॅरल

माझ्या जुन्या क्लॅरिनेटचे मोकळा जी, ए आणि बी फ्लॅट हे ‘घशातले’ सूर कायम चढे लागायचे. बॅरल, म्हणजे मुखनळीच्या लगेच खालचा छोटा तुकडा, थोडा बाहेर ओढला की ते उतरायचे, पण मग सांध्यात फट राहायची आणि तिथे पाणी साचायचं. वाद्यवृंदात शेजारी ओबो वाजत असताना असा चढा ए लावणं मला सहन होईना, म्हणून नवा बॅरल बघायला निघाले. व्हँकुव्हरमध्ये राहणाऱ्याला त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. शेजारच्या बर्नबीतच मॉरी बॅकन यांचा कारखाना आहे. मूळचे ते वाद्यं दुरुस्त करणारे. आधी बॅरल आणि बेल, म्हणजे तळाचं फुललेलं तोंड, घडवू लागले, अख्ख्या क्लॅरिनेट नंतर आल्या.

माझ्यासमोर काळ्या ग्रेनाडिलाचे आणि तांबूस रेषांच्या कोकोबोलोचे बॅरल मांडले होते. दोन्ही लाकडं आपल्या शिसवीच्या कुळातली. कोकोबोलो हातात घेतल्यावर खाली ठेववत नाही, आणि सावध राहायचं ते इथेच. जॉन बॅकस या भौतिकशास्त्रज्ञाने १९६४ सालीच प्रयोगाने दाखवलं होतं की नळी कशाची आहे याचा स्वराच्या जातीवर परिणाम नगण्य असतो. खरं काम करते ती आतली पोकळी. म्हणून सोबत आलेल्या मैत्रिणीला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि न सांगता बॅरल बदलत गेले. कोकोबोलो कधी लागला हे तिला ओळखता आलं नाही. लांबी आणि आतला उतार बदलला की मात्र ती लगेच हात वर करायची.

गार बॅरल उतरा बोलतो. त्यामुळे पुढचा बॅरल आधी मुठीत धरून ऊब द्यायची, मगच चढवायचा. घशातल्या सुरांना हवेचा स्तंभ आखूडच असतो, म्हणून बॅरलची एक मिलिमीटर लांबीसुद्धा त्यांना सर्वांत जास्त उतरवते. ६६ ऐवजी ६७ मिलिमीटरचा एक ग्रेनाडिला लावला आणि फट न ठेवता ए जागेवर बसला. त्याचा आनंद इतका झाला की तोच सूर मी कितीतरी वेळ लांबवत राहिले.

बेलचा फरक अगदी खालच्या ई-एफवर आणि मधल्या बीवर कळतो, कारण बाकीचे सूर वरच्या छिद्रांतूनच बाहेर पडतात. तिथे माझी काही तक्रार नव्हती. पत्ती धरून ठेवणारा लिगेचर बदलून मला काहीच जाणवलं नाही. अख्खी कोकोबोलो क्लॅरिनेटही वाजवली. तार सप्तकात ती विलक्षण हलकी बोलते, पण माझी बोटं जुन्या चाव्यांच्या अंतरावर घडली आहेत, आणि मला हवा होता तो ए आता मिळाला होता.

बॅरल घेतला. नवं लाकूड एकदम फार ओल प्यायलं तर तडकतं, म्हणून सध्या तो दिवसाला पंधरा-वीस मिनिटंच वाजवते, आतून कोरडा पुसते आणि उरलेल्या रियाजाला जुना चढवते.