सावित्रीच्या मुखाशीं

दूरच्या बेटांची ओढ मनुष्यास फार प्राचीन काळापासून आहे. हल्लीं ती ओढ निराळ्या वाटेनें आपल्या घरांत शिरली आहे. मुलें पडद्यावर गॅलापागोसचीं प्रचंड कांसवें पाहतात, अंदमानचीं प्रवाळें पाहतात, आणि सुट्टी जवळ आली कीं जेवतांना प्रश्न निघतो, "आपण कां नाहीं जायचें?" प्रश्न रास्त आहे. त्यास "परवडत नाहीं" एवढेंच उत्तर देऊन मुलांस गप्प बसविणें रास्त नाहीं.

त्या दूरच्या बेटांची व्यवस्था मात्र समजून घेण्यासारखी आहे. इक्वेडोर देशानें १९५९ सालीं गॅलापागोस येथें राष्ट्रीय उद्यान स्थापिलें. तेथें बहुधा लहान जहाजांतून बेटांबेटांतून हिंडतात, उद्यानाच्या बहुतेक भागांत सरकारमान्य वाटाड्यावांचून पाऊल टाकतां येत नाहीं, आणि कोणत्याही प्राण्यापासून दोन मीटर दूर राहावें लागतें. आपल्याकडे लक्षद्वीपांत जावयाचें तर आगाऊ परवाना काढावा लागतो. अंदमानांतील नारकोंडम बेटावर ज्या जातीचा धनेश पक्षी राहतो, तो जगांत अन्यत्र कोठेंही नाहीं. म्हणून तेथें कोणीही उठून जावें अशी स्थिति नाहीं. या सर्वांतून एक गोष्ट ध्यानांत येते. वन्य जीव पाहण्याच्या प्रवासांत खरें महत्त्व अंतरास नसून संयमास आहे. आणि संयमाचा प्रवास घराजवळही करतां येतो.

पंधरा माणसांचें एकत्र कुटुंब, त्यांत सत्तरी ओलांडलेल्या आजी आणि चार वर्षांचा नातू, असा संसार घेऊन लहान नावेंतून वन्य सृष्टि पाहावयाची असेल, तर रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकास असलेल्या मंडणगड तालुक्याकडे वळावें. महाबळेश्वरास उगम पावलेली सावित्री नदी महाडवरून वाहत येऊन याच तालुक्याच्या सीमेवर समुद्रास मिळते. उत्तरेस रायगड जिल्ह्यांतील बागमांडलें व हरिहरेश्वर, दक्षिणेस वेसवी, बाणकोट आणि वेळास. मध्यें ती रुंद, संथ, मातकट पाण्याची खाडी.

या खाडीस इतिहासही थोर आहे. श्रीवर्धनच्या भटांस जंजिऱ्याच्या सिद्दीचा जाच असह्य झाला, तेव्हां बाळाजी विश्वनाथ खाडी उतरून वेळासास भानूंच्या आश्रयास आले आणि तेथून दोन्ही कुटुंबांनीं देशाची वाट धरली, असें परंपरा सांगते. पुढें भटांकडे पेशवाई आली आणि भानूंकडे फडणिशी. नाना फडणविसांचें मूळ गांव तें हेंच वेळास. एका लहान नावेंतील त्या प्रवासानें महाराष्ट्राचें भवितव्य किती बदललें, हें मुलांस धक्क्यावर उभें करून सांगावें. पुस्तकांतील धड्यापेक्षां तें अधिक ठसेल.

बाणकोटचा हिंमतगड १७५५ सालीं आंग्र्यांच्या हातून इंग्रजांकडे गेला आणि त्यांनीं त्यास ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ असें नांव दिलें. पूर्वीं मुंबईच्या आगबोटी या मुखाशीं येत व लहान बोटी आंत दासगांवापर्यंत जात. १९२७ च्या डिसेंबरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या सत्याग्रह परिषदेस निघाले, ते मुंबईहून आगबोटीनें याच खाडीच्या वाटेनें दासगांवास उतरले. त्यांच्या घराण्याचें मूळ गांव आंबडवे हेंही मंडणगड तालुक्यांतच आहे. ज्या पाण्यानें पेशव्यांस पार नेलें, त्याच पाण्यानें चवदार तळ्याच्या हक्कासाठीं झगडणाऱ्या पुरुषासही नेलें. हा योगायोग विचार करण्यासारखा आहे.

आतां प्रवासाची आंखणी. पहिला प्रश्न ऋतूचा. पावसाळ्यांत या समुद्राचें नांव काढूं नये. कांसवांची विण साधारण नोव्हेंबरापासून मार्चपर्यंत चालते, आणि अंड्यांतून पिल्लें बाहेर पडण्यास पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. म्हणून फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चअखेर हा काळ उत्तम. या दिवसांत खाडींत थंडीचे पाहुणे पक्षीही असतात आणि समुद्र शांत असतो.

दुसरा प्रश्न भरती-ओहोटीचा. आणि येथें आपलें पंचांगच उपयोगी पडतें. कोंकणांतील जुना हिशेब असा कीं, तिथीच्या आंकड्याची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळीं व सायंकाळीं सहाच्या सुमारास भरती. दशमीस साडेसात. भरतीनंतर सुमारें सहा तासांनीं ओहोटीचा तळ येतो. हिशेब स्थूल आहे, थोडा मागेंपुढें होतो, तथापि आंखणीस पुरेसा आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतें व पाण्यास ओढ फार असते; अष्टमीच्या आसपास भांग असतो व पाणी सौम्य असतें. लेंकुरवाळ्या कुटुंबानें भांगाचे दिवस निवडावे.

दशमी धरून चालूं. आदल्या रात्रीं मुक्काम आंतल्या बाजूस ठेवून सकाळीं साडेसाताच्या सुमारास म्हाप्रळच्या बाजूनें मचव्यांत बसावें आणि ओहोटीच्या पाण्याबरोबर बाणकोटाकडे यावें. यांत दोन लाभ आहेत. प्रवाह अनुकूल असल्यानें यंत्र मंद ठेवतां येतें, म्हणून पक्षी बुजत नाहींत. आणि पाणी उतरूं लागलें कीं कांठचा चिखल उघडा पडून सगळी सृष्टि भोजनास बाहेर येते. तिवर आणि चिप्पीच्या झाडांखालीं निवट्या चिखलावर उड्या मारतात. लहान खेंकडे एक मोठी नांगी हालवीत बिळांच्या दारीं उभे राहतात. राखी बगळा ऋषीसारखा एका पायावर तिष्ठत असतो, आणि खंड्या निळ्या रेघेसारखा पाण्यावरून निघून जातो. डोक्यावर ब्राह्मणी घारी असतात, आणि दैव अनुकूल असेल तर पांढऱ्या पोटाचा सागरी गरुडही दिसतो. तो किनाऱ्यावरच्या उंच झाडावर घरटें बांधतो व वर्षानुवर्षें तेंच डागडुजी करून वापरतो. महाडच्या बाजूस सावित्रींत मगरी आहेत. म्हणून मुलांनीं पाण्यांत हात सोडून बसूं नये, हें आधींच बजावावें.

मचवा ठरवितांना भाड्याची घासाघीस करण्यापूर्वीं माणशीं एक तरंगजाकीट आहे कीं नाहीं तें विचारावें, मुलांच्या मापाचींही आहेत कीं नाहींत तें पाहावें, आणि तांडेल "आज नको" म्हणाला तर वाद घालूं नये. खाडीच्या मुखाशीं, जेथें नदीचा ओघ व समुद्राची लाट एकमेकांस भिडतात, तेथें लहान नावेनें जाण्याचा हट्ट धरूं नये. महाबळेश्वरच्या ‘ऑर्थर सीट’ या कड्यास ज्याचें नांव आहे, त्या ऑर्थर मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याची पत्नी व तान्ही मुलगी १८५३ सालीं बाणकोटपाशींच बुडून मेल्या. सावित्रीच्या उगमाकडे पाहणाऱ्या कड्यास पतीचें नांव, आणि तिच्या मुखाशीं पत्नीचा अंत! ही करुण कथा धाक घालण्यासाठीं नव्हे, तर पाण्याचा मान राखावा म्हणून येथें सांगितली आहे.

वेसवीस उतरून वेळासास जावें. येथील मुक्काम हाच या प्रवासाचा गाभा. वेळासांत उतरावयाचें तें गांवकऱ्यांच्या घरींच. ओटीवर किंवा माजघरांत अंथरूण, जेवणास भात, आमटी, सोलकढी, आणि सणासारखा बेत असेल तर उकडीचे मोदक. आजींस येथें परकें वाटत नाहीं. उलट घरच्या वृद्ध बाईंशीं त्यांची फणसाच्या सांदणांवरून लागलीच ओळख होते.

ज्या कांसवांसाठीं जावयाचें, तीं ऑलिव्ह रिडले जातीचीं. पाठ दोन फूट लांबीची, रंग हिरवट करडा. मादी रात्रीं किनाऱ्यावर येते, मागील पायांनीं वाळूंत खड्डा खणते, शंभर-सव्वाशें अंडीं घालून वाळूनें झांकते आणि परत समुद्रांत जाते. पुन्हां मागें वळून पाहत नाहीं. नर तर जन्मल्यावर एकदां पाण्यांत गेला कीं जमिनीवर येतच नाहीं. पिल्लू नर होणार कीं मादी, हें वाळूच्या उष्णतेवर ठरतें. वाळू अधिक तापली तर माद्या, थंड राहिली तर नर. जगाचा उन्हाळा वाढत चालला असतां या एका गोष्टीचा विचार केला तरी मन अस्वस्थ होतें.

पूर्वीं हीं अंडीं कुत्रीं, कोल्हे उकरून खात आणि माणसेंही नेऊन खात किंवा विकीत. १९७२ च्या कायद्यानें या कांसवांस संरक्षण मिळालें, पण रात्रीच्या किनाऱ्यावर कायदा पहारा करीत नाहीं. तो पहारा २००२ सालीं सुरू झाला. चिपळूणच्या ‘सह्याद्रि निसर्ग मित्र’ या संस्थेनें वनखातें व वेळासचे गांवकरी यांच्या साह्यानें अंडीं शोधून कुंपणाच्या आंत, तशाच खड्ड्यांत पुरून ठेवण्यास आरंभ केला. २००६ पासून ‘कासव महोत्सव’ भरूं लागला. ज्या हातांनीं पूर्वीं अंडीं उकरलीं जात, तेच हात पहांटे किनाऱ्यावर पाऊलखुणा शोधूं लागले. कारण आतां जिवंत कांसवामुळें घरांत पाहुणा येतो व चार पैसे मिळतात. उपदेशानें जें झालें नसतें, तें पोट आणि पुण्य यांची सांगड घातल्यानें झालें.

सकाळीं व सायंकाळीं पिल्लें बाहेर आलीं असल्यास तीं वाळूवर सोडतात, आणि तळहातावर मावणारे ते जीव लाटेच्या दिशेनें आपले आपण चालूं लागतात. हजारांतून एखादेंच वयांत येतें असें म्हणतात. २५ जानेवारी २०२२ रोजीं याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशीं संबंध ठेवणारें यंत्र बसवून तिला समुद्रांत सोडलें. तिचें नांव ‘प्रथमा’ ठेविलें होतें. आणि २०२१ सालीं ओडिशाच्या किनाऱ्यावर जिच्यावर खूण केली होती, अशी एक मादी २०२५ च्या जानेवारींत गुहागरास अंडीं घालतांना आढळली. पूर्व समुद्रांतून पश्चिम समुद्रांत आलेल्या त्या यात्रेकरणीपुढें आपल्या प्रवासाची ऐट ती काय!

परंतु येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. जी गर्दी गांवास उत्पन्न देते, तीच गर्दी कांसवास मारूंही शकते. रात्रीं किनाऱ्यावर विजेऱ्या फिरूं लागल्या, गाणीं वाजूं लागलीं, तर मादी अंडीं न घालतां परत जाते. पिल्लें उजेडाकडे चालतात; किनाऱ्यामागें झगझगाट झाला तर समुद्र सोडून तिकडेच वळतात. म्हणून दोरीच्या अलीकडे बसावें, पिल्लास हात लावूं नये, छायाचित्रासाठीं उजेड पाडूं नये, आणि त्या दिवशीं एकही पिल्लू निघालें नाहीं तर कुरकुर न करतां परत यावें. पैसे दिले म्हणून निसर्ग खेळ दाखवीत नाहीं, एवढें जरी मुलें शिकलीं तरी प्रवासाचा खर्च भरून आला असें समजावें.

परततांना वेसवीहून बागमांडल्यास नेणाऱ्या जंगलजेटीनें खाडी ओलांडून हरिहरेश्वराचें दर्शन घ्यावें. आजींचा संकल्पही पुरा होतो. ज्यांस पुढें लक्षद्वीप वा अंदमान पाहण्याचा योग येईल, त्यांनीं अवश्य जावें. मात्र जाण्यापूर्वीं वेळासच्या दोरीमागें मुकाट्यानें बसण्याचा धडा ज्यानें घेतला, त्यालाच तीं दूरचीं बेटें खऱ्या अर्थानें पाहतां येतील.